काजूची कणी आणि बाबांचा पाव : आमची वाटचाल

वेंगुर्ल्यात आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. बी वाफवायची, हातयंत्रावर फोडायची, गर ड्रायरमध्ये सुकवायचा, साल काढायची, प्रत लावायची. ड्रायरमध्ये गर कमी सुकला तर साल सुटत नाही, जास्त सुकला तर ठिसूळ होऊन मोडतो. अख्ख्या गराला, म्हणजे पौंडात 300 ते 320 भरणाऱ्या 320 नंबरला, व्यापारी दारात येतो. पाकळीला भाव कमी, तुकड्याला त्याहून कमी, आणि कणी तर मिठाईवाला देईल त्या भावात जायची. बाग तीच, चव तीच. साल काढायला मी स्वतः बायकांबरोबर बसते, त्यामुळे हे मला फार लागायचं.

वाट निघाली ती सासऱ्यांच्या आजारपणातून. बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी बटर बंद सांगितलं. सकाळच्या चहाला बेकरीचा पाव आणि त्यावर बटरचा जाड थर, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. आठवडाभर ते कोरडा पाव चहात बुडवून खात राहिले, तक्रारीचा शब्द नाही. मला ते बघवेना.

माहेरी आई श्रीखंडासाठी चक्का बांधायची. तो नुसता लावून पाहिला, तर आंबट आणि रवाळ. नुसतं काजूचं वाटण गोडसर, टाळूला चिकटणारं. दोन्ही एकत्र घोटल्यावर मात्र सुरी पावावरून सरसर फिरली. बाबांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "ह्या काय लोणी न्हय गो, पण पावाक चलात." त्या दिवसापासून आजवर घरात बटर आलेलं नाही.

कृती आजही तीच. 2 लिटर दूध तापवून थंड करायचं, साय पूर्ण काढायची आणि विरजायचं. दही नुकतं लागलं की फडक्यात बांधायचं. आपल्याकडच्या उकाड्यात रात्रभर बाहेर टांगलं तर सकाळी आंबून जातं, म्हणून पहिले दोन तास बाहेर आणि मग चाळणीवर ठेवून फ्रिजमध्ये. साधारण अर्धा किलो चक्का निघतो. खाली उरलेल्या पाण्यात भाकरीचं पीठ मळा, टाकू नका. 200 ग्रॅम कणी चार तास कोमट पाण्यात भिजवून अगदी थोड्या पाण्यात वाटायची. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा. तापला की काजूचं तेल सुटतं. मग चक्का, मीठ आणि परसातल्या वेलाची ओली मिरी ठेचून. लसूण आम्ही घालून पाहिली, काजूची चव मारते.

हे औषध नव्हे, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. काजूत 100 ग्रॅममागे 44 ग्रॅमच्या आसपास चरबी असते, पण तिच्यातली बरीचशी असंतृप्त. बटरमध्ये 80 ग्रॅम आणि त्यातली निम्म्याहून जास्त संतृप्त. आमच्या मिश्रणात चरबी 12-13 ग्रॅमवर येते. ज्यांचं पथ्य कडक आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं.

आधी शेजारी मागू लागले, मग तारकर्ली-देवबागचे होमस्टेवाले. त्यांना सकाळी घावण्यांबरोबर पाहुण्यांपुढे ठेवायला हवं होतं. अन्न नोंदणी काढली तेव्हा नावाचा प्रश्न आला. बटर म्हणायचं तर नियमाने त्यात किमान 80 टक्के दुधाचीच चरबी हवी. मग लेबलवर सरळ 'काजू-चक्का' छापलं. आत जे आहे तेच नाव, मला तर तेच आवडलं.

पहिल्या पावसाळ्याने मोठा धडा दिला. दोन दिवस वीज गेली आणि होमस्टेला गेलेले डबे फुगून परत आले. सगळे पैसे परत केले, पूर्ण तुकडी खड्ड्यात पुरली, आणि मला दोन रात्री झोप नव्हती. कोणाच्या पोटात ते गेलं असतं तर? तेव्हापासून डब्यावर बनवल्याची तारीख मोठ्या अक्षरात असते, सात दिवसांच्या वर माल कुठेही ठेवू देत नाही, आणि जून ते नारळी पौर्णिमा बाहेरगावची ऑर्डर घेत नाही. दूध घाटावरून येतं. दरड कोसळून गाडी अडकली तर त्या दिवशी चक्काच बांधत नाही.

कणी आता मिठाईवाल्याला जात नाही. साल काढणाऱ्या बायकांपैकी दोघी दुपारनंतर चक्क्याच्या कामाला थांबतात, त्याची मजुरी वेगळी. बाबांचा डबा अजून रोज पहिला भरला जातो, मिरी जरा जास्त घालून.