जुना आर्चर सी७, ओपनडब्ल्यूआरटी आणि एका घरात तीन नेटवर्क

मंडळी, आर्चर सी७ या टीपी-लिंकच्या वायफाय राउटरची पाचवी आवृत्ती हाती आली, एवढंच मागच्या नोंदीत लिहिलं होतं. आता ती पेटी आमच्या कोल्हापूरच्या घरी माजघराच्या फळीवर बसली आहे आणि तीन स्वतंत्र वायफाय नेटवर्क सांभाळते आहे. काम कुठवर आलं ते सविस्तर लिहिते, कारण यातला फायरवॉलचा (कोणती वाहतूक जाऊ द्यायची ते ठरवणाऱ्या नियमांचा) भाग जुळवताना मला सगळ्यात जास्त मजा आली आणि तो मराठीत कुठे नीट मांडलेला मला दिसला नाही.

घर मंगळवार पेठेतलं, जुनं. सोपा आणि माजघर यांच्यामधली भिंत काळ्या दगडाची, हातभर जाडीची. इंटरनेटवाल्यांची फायबरची पेटी सोप्यात. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्या भिंतीपलीकडे जेमतेम पोचतो. त्यामुळे रिपीटरच्या भानगडीत न पडता दाराच्या चौकटीवरून कॅट ६ केबल आत आणली आणि सी७ ला फक्त अ‍ॅक्सेस पॉइंट (तारेने आलेलं नेट वायफायवर वाटणारी पेटी) करायचं ठरवलं. फायबरच्या पेटीचं स्वतःचं वायफाय पूर्ण बंद. तिथला डब्ल्यूपीएसही (बटण किंवा पिन वापरून वायफायला जोडण्याची सोय) बंद. डब्ल्यूपीएसचा पिन आठ आकडी असला तरी शेवटचा आकडा पडताळणीचा असतो आणि उरलेले सात चार-तीन अशा दोन तुकड्यांत तपासले जातात. म्हणजे एक कोटी नव्हे, जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत दार उघडतं. ही खोट २०११ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाली. ज्या पेट्यांत ते बटण अजून चालू असेल त्यांत ते आजच बंद करा.

फर्मवेअर, म्हणजे पेटीच्या आतलं सॉफ्टवेअर, चढवणं सोपं गेलं; कंपनीच्या फर्मवेअरच्या जागी ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर घेतलं. या आवृत्तीत १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम आहे. आजच्या मानाने कमी, पण ओपनडब्ल्यूआरटीला पुरेशी. उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ ताळा (फाइल बदललेली नाही हे पडताळणारा आकडा) जुळवला, मूळ पानावरूनच फॅक्टरी इमेज चढवली, संपलं. मधेच वीज गेली तर टीएफटीपीची (तारेवरून फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीची) वाट हाताशी होती : संगणकाला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा, ठरावीक नावाची फाइल ठेवायची आणि रीसेट दाबून धरून पेटी चालू करायची. त्याची गरज पडली नाही, तरी तयारी ठेवूनच कामाला लागा.

ओपनडब्ल्यूआरटी पहिल्यांदा उठतं तेव्हा वायफाय बंद असतं आणि रूटला, म्हणजे मुख्य खात्याला, पासवर्ड नसतो. मला ही पद्धत मनापासून पटते. आधी तारेने जोडा, पासवर्ड द्या, मगच हवेत जा. मी रूटला पासवर्ड दिला, एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन) फक्त किल्लीवर ठेवलं, पासवर्डने लॉगिन बंद केलं. पेटीचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ हा फायबरच्या पेटीशीच टक्कर घेणारा, म्हणून तो १९२.१६८.१.२ केला, गेटवे (बाहेर जाण्याची वाट) आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) म्हणून १९२.१६८.१.१ दिलं. लॅनवरचं (घरातल्या नेटवर्कवरचं) डीएचसीपी बंद केलं, कारण एका नेटवर्कात पत्ते वाटणारा एकच हवा. तार लॅनच्या तोंडात. वॅनचं (इंटरनेटच्या बाजूचं) तोंड रिकामं.

रेडिओचं आटोपतं घेते. देशाचा कोड भारताचा ठेवला. दोन्ही रेडिओंना (एक २.४ गिगाहर्ट्झचा, एक ५ चा) हे सांगणं आवश्यक आहे, नाहीतर चॅनेल आणि ताकद यांची मर्यादा चुकीची लागते. २.४ वर रुंदी २० मेगाहर्ट्झ. शेजारपाजारचं स्कॅन केलं तर १ आणि ६ गजबजलेले, ११ त्यातल्या त्यात मोकळा, तोच घेतला. ५ वर चॅनेल ३६. ५२ पासून पुढचे काही चॅनेल रडारसाठी राखून वापरायचे असतात. तिथे रेडिओ आधी मिनिटभर नुसता ऐकत बसतो आणि मग बोलतो. लॉगमध्ये ते बघायला छान वाटतं, पण घरच्यांना वीज आल्या आल्या नेट हवं असतं.

आता मुख्य मुद्दा. घरातली यंत्रं मोजायला बसले तेव्हा चित्र असं होतं : नवे फोन आणि लॅपटॉप, ज्यांना डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत; डब्ल्यूपीए२ ही आधीची) येतं. आबांचा अँड्रॉइड ८ चा फोन, ज्याला येत नाही, कारण अँड्रॉइडमध्ये ते दहाव्या आवृत्तीपासून आलं. टीव्ही जुना. आणि ईएसपी८२६६ चिपवाले चार स्मार्ट प्लग, ज्यांना फक्त २.४ आणि डब्ल्यूपीए२ समजतं. यावर नेहमीचा सल्ला असतो मिश्र मोडचा : एकाच नावाखाली डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही. मला तो घरच्या मुख्य नेटवर्कासाठी मान्य नाही. मिश्र मोडमध्ये पासवर्ड एकच असतो. कुणी बाहेर बसून त्याच नावाचा, फक्त डब्ल्यूपीए२ बोलणारा खोटा अ‍ॅक्सेस पॉइंट उभा केला की नवा फोनसुद्धा त्याच्याशी जुन्या पद्धतीने बोलू शकतो, आणि तेवढ्या देवाणघेवाणीवरून पासवर्ड घरी नेऊन फोडत बसता येतं. म्हणजे घरातला सगळ्यात जुना प्लग सगळ्या घराचं कुलूप ठरवणार. त्यापेक्षा त्या प्लगची खोलीच वेगळी करावी.

फोडणं किती सोपं, याचा हिशोब मांडून बघा. डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन ४०९६ फेऱ्यांची प्रक्रिया चालते आणि त्यातून किल्ली निघते. चांगलं ग्राफिक्स कार्ड असे दहा लाखांहून जास्त पासवर्ड सेकंदाला तपासतं. आमच्या गल्लीत काय, सगळीकडेच, वायफायचा पासवर्ड म्हणजे घरातल्या कुणाचा तरी मोबाइल नंबर. दहा आकडी, सुरुवात ६ ते ९ पैकी एकाने. एकूण ४०० कोटी शक्यता. भागाकार करा : ४,००० सेकंद, म्हणजे तासाभराचं काम! आणि हे सगळं त्या माणसाच्या स्वतःच्या संगणकावर. तुमच्या पेटीला त्याचा पत्ताही लागत नाही. डब्ल्यूपीए३ च्या एसएई या पासवर्ड पडताळण्याच्या पद्धतीत प्रत्येक अंदाजासाठी प्रत्यक्ष पेटीशी बोलावं लागतं, म्हणून हा प्रकार तिथे चालत नाही. शिवाय आजची वाहतूक कुणी साठवून ठेवली आणि उद्या त्याला पासवर्ड कळला, तरी ती उलगडत नाही.

म्हणून तीन नेटवर्क. "घर" : फक्त डब्ल्यूपीए३, दोन्ही रेडिओंवर. "पाहुणे" : डब्ल्यूपीए२, यातच आबांचा फोन, कारण त्यांना बातम्या आणि व्हिडिओ कॉल यापलीकडे घरातल्या कशाशी देणंघेणं नाही. "यंत्रं" : डब्ल्यूपीए२, फक्त २.४, प्लग आणि टीव्ही. प्रिंटरला इथरनेटचं तोंड आहे, त्याला सरळ तार लावली; त्याच्या वायफायचा प्रश्नच मिटला.

पासवर्डसाठी पाच फासे आणि ७,७७६ शब्दांची यादी ही जुनी रीत (फाशांवर आलेल्या आकड्यांचा शब्द यादीतून घ्यायचा) वापरली, फक्त यादी मराठी शब्दांची केली. नियमाने रोमन अक्षरंच चालतात, ८ ते ६३, म्हणून झ, ळ, ज्ञ असे लिहिताना फाटे फुटणारे शब्द गाळले. पाच शब्द फाशांवर काढले की वरच्या वेगाने काही लाख वर्षं लागतात. वहिनीने एकदा ऐकून लिहून घेतला आणि पाठही केला.

आता फायरवॉल. साध्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर फायरवॉल आणि डीएनएसमास्क (पत्ते वाटणारा, डीएनएस पुरवणारा प्रोग्राम) बंद करा, असं सगळे सांगतात आणि एकच नेटवर्क असेल तर ते बरोबर आहे. इथे मात्र दोन्ही चालू हवेत. फायबरच्या पेटीला व्हीलॅन (एकाच तारेवर वेगवेगळी नेटवर्क) समजत नाही, तेव्हा पाहुण्यांना १९२.१६८.३०.१ आणि यंत्रांना १९२.१६८.४०.१ असे वेगळे पट्टे सी७ च वाटते. त्या पेटीला हे पट्टे ठाऊकच नसल्यामुळे लॅन झोनवर (झोन म्हणजे फायरवॉलमधला नेटवर्कचा गट) मास्करेडिंग चालू केलं. पाहुण्यांची पाकिटं (डेटाचे तुकडे) १९२.१६८.१.२ च्या नावाने बाहेर जातात.

इथेच खरी गंमत आहे. पाहुण्यांना इंटरनेट हवं, आणि ते आहे लॅनच्या पलीकडे. म्हणजे पाहुणे ते लॅन अशी वाट द्यावीच लागते. आणि ती दिली की घरचा लॅपटॉप, प्रिंटर, फायबरच्या पेटीचं पान, सगळं त्यांच्यासमोर उघडं पडतं. उपाय : त्या वाटेवर एक नियम, पाहुण्यांकडून १९२.१६८.१.० च्या संपूर्ण पट्ट्याकडे जाणारं सगळं नाकारा. इंटरनेटकडे जाणारं पाकीट १९२.१६८.१.१ मधूनच जातं, पण त्याच्यावर लिहिलेला पत्ता बाहेरचा असतो, म्हणून नियम त्याला अडवत नाही. पोस्टमनच्या हातातून पत्र जावं आणि पोस्टमनच्या घरी मात्र जाऊ नये, तसं. नियम झोनच्या वाटेआधी तपासले जातात, म्हणून हे जमतं. पाहुण्यांच्या झोनचं इनपुटही (खुद्द सी७ कडे येणारी वाहतूक) नाकारलेलं. फक्त डीएचसीपीचं ६७ आणि डीएनएसचं ५३ एवढी दोन तोंडं उघडी. हे नियम आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या पत्त्यां) चे आहेत, तेव्हा पाहुण्यांना आणि यंत्रांना आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) सध्या दिलेलंच नाही.

प्लगांना घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाशी एमक्यूटीटीवर (यंत्रांनी निरोप पाठवण्याची पद्धत) बोलायचं असतं. त्यासाठी एकच फट : यंत्रांकडून पायच्या पत्त्यावर, पोर्ट १८८३. हा नियम यंत्रांसाठीच्या तशाच नाकारण्याच्या नियमाच्या वर असायला हवा. खाली ठेवला तर पाकीट आधीच परत फिरतं. मास्करेडिंगमुळे पायच्या लॉगमध्ये चारही प्लग १९२.१६८.१.२ या एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. कोण कुठला हे क्लायंट आयडीवरून ओळखायचं.

तपासणीत एक गोष्ट सापडली, ती नोंदवायलाच हवी. पाहुण्यांना एकमेकांचे फोन दिसू नयेत म्हणून क्लायंट आयसोलेशन लावलं होतं. दोन्ही फोन २.४ वर असताना पिंग (पोचतं का ते बघणारं पाकीट) अडलं, पण एक २.४ वर आणि एक ५ वर असला की पिंग बिनदिक्कत जायचं. आयसोलेशन एका रेडिओवरच्या एका नावापुरतं काम करतं; दोन्ही रेडिओ मागे एकाच ब्रिजला (पेटीतल्या जोडणाऱ्या दुव्याला) जोडलेले असतात आणि तिथून रस्ता खुला राहतो. ब्रिजचं पोर्ट वेगळं करण्याचा पर्याय दोन्हीकडे चालू केल्यावर ते थांबलं. तुमच्याकडेही दोन्ही रेडिओंवर एकच पाहुण्यांचं नाव असेल तर असंच तपासून बघा.

यंत्रांच्या नेटवर्कवर आणखी एक कळ दाबली. २०१७ साली जाहीर झालेल्या क्रॅक या डब्ल्यूपीए२ वरच्या हल्ल्याची दुरुस्ती मुख्यतः फोन-टीव्हीच्या बाजूने व्हायची होती आणि जुन्या टीव्हीला अपडेट कोण देणार? ओपनडब्ल्यूआरटीत किल्लीचा निरोप पुन्हा न पाठवण्याचा पर्याय आहे. सिग्नल कमकुवत असेल तर कधी कधी जोडणी चुकते, पण टीव्ही पेटीपासून चार पावलांवर आहे.

नाव लपवणं आणि मॅकची (प्रत्येक यंत्राच्या वायफायच्या ओळखपत्त्याची) यादी, हे दोन्ही मी केलेलं नाही. लपवलेलं नाव फोन स्वतःच हवेत पुकारत फिरतो आणि मॅक पत्ता उघडाच जातो.

मामेभाऊ आला आणि म्हणाला, "ताई, पाहुण्यांना कशाला पासवर्ड? उघडंच ठेव की." त्याला सानपाड्याचं सांगितलं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईतल्या सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून. पोलीस आधी त्याच्या दारात पोचले. पाहुण्यांच्या पासवर्डची चिठ्ठी आता फळीच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.

पुढचं काम : चारही प्लगांना एकाच नावाखाली वेगवेगळे पासवर्ड. ओपनडब्ल्यूआरटीत वायफाय-स्टेशन या विभागात मॅकनुसार किल्ली देता येते. एक प्लग हरवला किंवा विकला तर बाकीच्यांना हात लावावा लागणार नाही. आणि "घर"मधल्या फोनवरून "यंत्रं"मधल्या टीव्हीवर चित्र पाठवणं. शोधाची हाक पट्टा ओलांडत नाही, म्हणून अवाही रिफ्लेक्टर (ती हाक पलीकडे पोचवणारा प्रोग्राम) लावून बघणार आहे. कुणी सी७ वर तो चालवला असेल तर रॅम किती खातो ते कळवा.