सकाळची फॅट, संध्याकाळची फॅट आणि आमच्या डेअरीची एक्सेल शीट

आमच्या दूध संस्थेत बारा महिने विचारला जाणारा प्रश्न एकच, "आज फॅट का कमी लागली?" कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. मी काट्याशेजारी संगणकावर बसते. दूध ओतलं, नमुना मशीनला लावला, लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) पडद्यावर आले, पावती निघाली, की पुढचा माणूस. मागे रांग उभी असते, कुणाला शेतावर जायचं असतं, कुणाच्या पोरांचा शाळेचा डबा राहिलेला असतो. त्या घाईत 'का'चं उत्तर कुणी देऊ शकत नाही. पण उत्तर असतं. ते त्याच आकड्यांत असतं. फक्त ते आकडे पावत्यांवर बसून सुटे सुटे घरोघरी जातात आणि दहा दिवसांचं बिल झालं की चुलीत जातात.

मी हे सगळे आकडे एका एक्सेल शीटमध्ये ठेवते. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण आजूबाजूच्या गावांतले सचिव आणि ऑपरेटर विचारत असतात. पैसे नसतील तर लिब्रेऑफिस कॅल्क फुकट मिळतं, त्यातही हे सगळं होतं.

पहिली गोष्ट मांडणीची. बहुतेक ठिकाणी मी पाहिलंय की प्रत्येक सभासदाचं एक पान असतं, किंवा आडव्या ओळीत तारखा आणि उभ्या रकान्यात नावं असतात. वहीत ते शोभतं. शीटमध्ये मात्र एका सभासदाच्या एका वेळच्या दुधाला एक ओळ द्यायची. तारीख, सकाळ की संध्याकाळ, कोड नंबर, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ. बस्स, सात रकाने. दीडशे सभासद, दोन वेळा, ३६५ दिवस म्हणजे १,०९,५०० ओळी. आकडा बघून घाबरू नका, एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. फक्त फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारात ठेवू नका, तिथे मर्यादा ६५,५३६ ओळींची आहे आणि वर्षाचं दूध त्यात बसत नाही. अशी लांबलचक उभी यादी डोळ्यांना कंटाळवाणी दिसते, पण सम-इफ्स, अ‍ॅव्हरेज-इफ्स, पिव्होट टेबल (अटीप्रमाणे बेरीज, सरासरी आणि सारांश काढणारी साधनं) या सगळ्यांना हीच मांडणी लागते.

आता सरासरी. गावोगावच्या संस्थांत यावरून भांडणं झालेली आहेत म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. सभासदांच्या फॅटची सरासरी काढली तर ४.० येते, आणि टँकरचा नमुना तपासून वरून कळतं ३.६. लगेच कुजबुज सुरू होते की मधले चार पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.१) कुणीतरी खाल्ले. अशा वेळी आधी एक हिशोब करून बघा. एका गोठ्यातून एचएफ (होल्स्टीन) जातीच्या गाईंचं २० लिटर दूध आलं, फॅट ३.४. दुसऱ्या घरातून एका जर्सीचं ५ लिटर आलं, फॅट ४.६. दोन्ही फॅटची बेरीज करून दोनने भागलं तर ४.० येतं. पण कूलरमध्ये दोन्ही दुधं एकत्र झाली की तिथे २० लिटरचा जोर वेगळा आणि ५ लिटरचा वेगळा. २० गुणिले ३.४ म्हणजे ६८, ५ गुणिले ४.६ म्हणजे २३, एकूण ९१, भागिले २५ लिटर, आले ३.६४. चोरी कुठेच नाही, सरासरी चुकीच्या पद्धतीने काढली एवढंच.

एक्सेलमध्ये यासाठी सम-प्रॉडक्ट हे फंक्शन आहे. लिटरचा रकाना आणि फॅटचा रकाना दिला की ते ओळीओळीने गुणाकार करून बेरीज देतं. ती एकूण लिटरने भागायची. आपल्या धंद्यातले लोक 'किलो फॅट' म्हणतात ना, म्हणजे दुधातल्या एकूण फॅटचं वजन, त्याच्या जवळचाच हा हिशोब आहे. फक्त एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं, तेव्हा लिटर आणि किलो एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. आमच्याकडे आता मासिक सभेत हीच सरासरी वाचली जाते. ती काढूनही टँकरच्या आकड्यात फरक राहिला तर तो खरा फरक. मग दूध नीट ढवळून नमुना घेतला होता का, मशीनचं कॅलिब्रेशन कधी झालं, गर्बर पद्धतीने (आम्ल घालून फॅट मोजायची जुनी चाचणी) ताडून पाहिलं का, हे विचारायचं. माणसावर बोट दाखवण्याआधी सम-प्रॉडक्ट चालवायचं, हे मी कुणालाही ठासून सांगते.

दरपत्रकाबद्दल थोडक्यात. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर ठरतो आणि वर-खाली प्रत्येक पॉइंटला पैसे वाढतात किंवा कापले जातात. उभ्या रकान्यात फॅट, आडव्या ओळीत एसएनएफ, आणि इंडेक्स या फंक्शनमध्ये ओळ-रकाना शोधणारे दोन मॅच टाकले की दर आपोआप येतो. पण फॅटचा रकाना '३.० मध्ये ०.१ मिळव' असा सूत्राने खाली ओढून तयार केला असेल, तर मधेच ३.७ सापडत नाही अशी चूक दिसते. पडद्यावर ३.७ दिसत असतं, तरीही. संगणक आकडे फक्त ० आणि १ वापरून साठवतो आणि ०.१ त्याला नेमकं साठवता येत नाही, म्हणून मिळवत गेलं की शेवटच्या घरात किंचित फरक पडतो. डोळ्याला तो दिसत नाही, मॅचला दिसतो. दरपत्रकातल्या आणि मशीनकडून आलेल्या दोन्ही फॅटना राउंड लावून एका दशांशावर आणायचं, काम झालं.

पण मला शीट खऱ्या अर्थाने आवडायला लागली ती आमच्या आळीतल्या आक्कांच्या प्रश्नामुळे. त्यांची एकच संकरित जर्सी आहे. एकदा पावती हातात घेऊन त्या काट्यापाशीच थांबल्या. "पोरी, सकाळची फॅट कायम कमी का लागती? गाय तीच, चारा त्योच, मशीन त्येच." प्रश्न अगदी बरोबर होता. मी दुपारी त्यांच्या कोडवर अ‍ॅव्हरेज-इफ्स लावलं, एकदा सकाळ आणि एकदा संध्याकाळ. एकाच गाईचं रोजचं दूध जवळपास सारखं असतं, त्यामुळे इथे साधी सरासरी चालते. सकाळी ३.१, संध्याकाळी ४.०.

आता सकाळची फॅट थोडी कमी असणं स्वाभाविक आहे. रात्रीचं अंतर मोठं असतं, कासेत दूध जास्त साठतं आणि फॅटचं प्रमाण उतरतं. प्रश्न असा होता की नऊ पॉइंटचा फरक सगळ्यांकडेच आहे का. त्यासाठी मी पिव्होट टेबलमधून गाईवाल्या प्रत्येक सभासदाची सकाळची आणि संध्याकाळची सरासरी काढली आणि स्कॅटर चार्ट केला. आडवी सकाळ, उभी संध्याकाळ, एक घर म्हणजे एक ठिपका. त्यावर ३,३ पासून ५,५ पर्यंत एक तिरकी रेघ काढली, म्हणजे दोन बिंदूंची एक वेगळी मालिका घालून ते जोडले. ज्याची सकाळ-संध्याकाळ सारखी, तो ठिपका रेघेवर. चार्ट उघडला आणि बघतच बसले. जवळजवळ सगळे ठिपके रेघेच्या किंचित वर, दोन-चार पॉइंटच्या पट्ट्यात, ज्वारीच्या तासासारखे एका ओळीत. आणि तीन ठिपके त्या पट्ट्यापासून लांब, वरच्या बाजूला. त्यातला एक आक्कांचा.

मशीनचा दोष असता तर सगळेच ठिपके हलले असते. म्हणजे कारण त्या तीन घरांत होतं. संध्याकाळी आक्कांच्या गोठ्यात गेले. सकाळी कशी धार काढता, हे सगळं विचारलं. सकाळी शेतावर जायची गडबड, म्हणून बादली भरत आली की वासरू सोडून देतात, राहिलेलं ते पितं. संध्याकाळी निवांत असतात, तेव्हा पूर्ण पिळतात आणि वासराला वेगळं पाजतात. इथेच सगळं कळलं. सगळ्यात जास्त फॅट शेवटच्या धारांत असते. ती सकाळी वासराच्या पोटात जात होती आणि पातळ दूध डेअरीत येत होतं.

वासराचं तोडायचं नाही, हे मी आधीच सांगितलं, आणि आक्कांनी ते तोडलंही नसतं. वासरू आधी सोडून गाय पान्हवायची, मग बांधायचं, शेवटच्या धारेपर्यंत पिळायचं आणि वासराला त्याच्या वाट्याचं मोजून बादलीतून पाजायचं, असं ठरलं. पुढच्या बिलाला त्यांचा ठिपका पट्ट्याकडे सरकलेला होता. बाकीच्या दोन घरांतही मी जाऊन आले. तिथेही वासरूच.

चार्ट दाखवताना मी नावं कधीच ठेवत नाही, कोडही नाही. ज्याचा त्याला त्याचा ठिपका लाल करून दाखवते. कुणाच्या गोठ्याची फॅट किती, हे आळीत चघळण्याचा विषय होऊ नये.

चार्टच्या अक्षाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लिटरचे स्तंभ काढायचे तर शून्यापासूनच सुरू करायचे, नाहीतर दहा लिटरची घट निम्मं दूध आटल्यासारखी दिसते आणि माणसं उगाच धास्तावतात. फॅटच्या रेषेला मात्र शून्यापासूनचा अक्ष काही कामाचा नाही. ३.४ आणि ३.६ मधला फरक तिथे दिसतच नाही, आणि त्याच फरकावर पैसे मिळतात. तिथे मी ३.० पासून सुरू करते आणि अक्षावर ते मोठ्या अक्षरांत लिहिते. रोजची फॅट फार उड्या मारते म्हणून दहा दिवसांची सरकती सरासरी घेते, म्हणजे रोज मागच्या दहा दिवसांची. बिलही दहा दिवसांचंच असतं, त्यामुळे सभासदाला ती रेषा आपल्या बिलाशी लगेच जोडता येते. पावसाळ्यात कोवळा हिरवा चारा वाढला आणि कडबा कमी पडला की ही रेषा खाली येते. हे जुनी माणसं आधीपासून सांगतात, आता ते कागदावर दिसतं आणि कडबा टाका म्हटलं की ऐकलं जातं.

तरी प्रत्येक घसरण चाऱ्याची नसते. गाय व्याल्यावर सहा-आठ आठवड्यांत दूध भरात येतं आणि त्याच सुमाराला फॅट कमी असते. आटायला आली की दूध कमी होतं आणि फॅट चढते. एकाच महिन्यात गावातल्या बऱ्याच गाई व्याल्या तर सगळ्या गावाची रेषा त्यानेच उतरेल, आणि आपण दोष चाऱ्याला देत बसू. म्हणून सध्या मी सभासदांच्या यादीत एक रकाना वाढवलाय, व्याल्याच्या तारखेचा. नोंदीच्या तारखेतून ती वजा केली की वेताचा कितवा दिवस ते कळतं आणि मग एकाच टप्प्यातल्या गाईंची आपसात तुलना करता येते. ज्यांना तारीख आठवत नाही त्यांच्याकडून कृत्रिम रेतनाची पावती मागते, या वेताआधीची ती शेवटची असेल आणि जनावर त्याच रेतनाने गाभ ठरलं असेल तर तारखेत गाईला २८० आणि म्हशीला ३१० दिवस मिळवून अंदाज धरते. निम्म्या घरांच्या पावत्या आल्यात. बाकीच्यांना दिवाळीच्या दर फरकाच्या याद्या लावायच्या आत गाठायचंय.