सेलूच्या वावरात कापूस रंगवताना

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस सेवाग्रामला मुक्काम केला, तो फुटलेला कापूस जलरंगात काढायचा म्हणून. नागपूरहून रेल्वेने सेवाग्राम स्टेशन गाठायचं, तिथून सेलूच्या बाजूची वावरं. आश्रम पाहिला, पण चित्र तिथे काढलं नाही.

पहिली सकाळ वाया गेली. साडेसहालाच धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर बसले. पऱ्हाटीवर (कापसाच्या झाडांवर) दहिवर, हवा गार. आकाशाचा पहिला हात वाळेचना. धीर न धरता त्यावर झाडं टेकवली आणि सगळं पसरलं. वेचणाऱ्या बाया आल्या त्या नऊच्या पुढे. ओला कापूस वेचत नाहीत, दहिवर उडेपर्यंत थांबतात. दुसऱ्या दिवसापासून मीही त्यांचीच वेळ धरली. नऊ ते अकरा कागद नेमका साथ देतो. त्यानंतर ऊन चढतं, मोठा हात अर्ध्यातच वाळून कडा पडतात.

खरी परीक्षा बोंडांची. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा ठेवलेला कागद, म्हणून आधी पेन्सिलीने बोंडांच्या जागा ठरवून बाकीचं रंगवत गेले. एक काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ताई, सगळा कापूस एकसारखा पांढरा कसा? खालचा कवडी हाय ना." त्या बरोबर होत्या. खालची बोंडं डागाळलेली, पिवळट. यलो ऑकर या मातकट पिवळ्या रंगाचं अगदी पातळ पाणी त्यांच्यावर फिरवलं आणि वरची बोंडं एकदम उजळली. दोन वर्षं मला जे जमत नव्हतं ते तिथे जमलं.

काळ्या मातीला काळी ट्यूब वापरू नका, चित्र मरतं. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा; वाळलेल्या ढेकळांवर सिएना जास्त, ओलिताच्या सरीत निळा जास्त.

कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड; सुती असेल तर उत्तम. पाणी पिण्याचं वेगळं, रंगाचं वेगळं, दोन्ही घरून. बसण्याआधी शेतमालकाला विचारा आणि फवारणी कधी झाली तेही विचारा. नुकतीच झाली असेल तर त्या वावरात पाऊलही टाकू नका. सावली तुरीच्या ओळींची मिळते. या दिवसांत तुरीवर पिवळी फुलं आणि कोवळ्या शेंगा एकदमच असतात, त्यामुळे चित्रात कापसाशेजारी तो पिवळा आयताच येतो. जानेवारी सरला की पऱ्हाट्या उपटायला लागतात, म्हणून निघायचं तर त्याआधीच.