तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या व्हिडिओ गेमच्या आवाजात हिप-हॉप का?

"गेमचं म्युझिक उचलायचं आणि त्यावर रॅप टाकायचा, यात तुमचं स्वतःचं काय?" शो संपल्यावर, इन्स्टाच्या मेसेजमध्ये, एकदा तर लग्नाच्या पंगतीतही मला हे विचारलं गेलंय. विचारणाऱ्याचा सूर कधी कुतूहलाचा असतो, कधी खोचक. दोन्ही प्रकारच्या माणसांना उत्तर एकच आहे, पण ते दोन घासांच्या मध्ये सांगून होत नाही. म्हणून लिहितो.

मारिओची किंवा काँट्राची चाल माझ्या एकाही अल्बममध्ये सापडणार नाही. मला हवी असते ती त्या मशीनची तंगी. निंटेंडोचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम, १९८३ साली जपानमध्ये आला. त्यात आवाजाचे पाच चॅनल: दोन पल्स (चालीचे सूर), एक ट्रँगल (खालचे, जाड सूर), एक नॉइज (तालाची खरखर) आणि पाचवा रेकॉर्ड केलेले बारके तुकडे वाजवणारा. एका चॅनलवर एका वेळी एकच सूर. अख्खा सुपर मारिओ ब्रदर्स, चित्रं-उड्या-संगीत सगळं धरून, ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. तुमच्या फोनमधला एक साधा फोटोही त्याहून कितीतरी मोठा असतो. जागा नाही म्हणून चाल छोटी, आणि छोटी म्हणून ती फिरून फिरून वाजणार. पोरगं एकाच खड्ड्यापाशी अर्धा तास अडकलं तरी त्याला चालीचा वीट येता कामा नये. कोजी कोंडो (मारिओचे संगीतकार) किंवा पहिल्या मेगा मॅन या गेमच्या संगीतकार मानामी मात्सुमाए यांना ही अट सांभाळून संगीत बांधायचं होतं. मला ते फार मोठं काम वाटतं, आणि 'लहान मुलांच्या खेळातली टिणटिण' म्हणून कुणी ते उडवून लावलं की मनापासून वाईट वाटतं.

आता न्यूयॉर्कला या. १९८७ साली ई-म्यूचं एसपी-१२०० हे सँपलर, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डमधले आवाजाचे तुकडे (सँपल) उचलून वाजवणारं यंत्र, बाजारात आलं आणि तिथल्या कितीतरी प्रोड्यूसरांनी आपलं हिप-हॉप त्याच्यावर घडवलं. त्यात सँपल साठवायला सगळी मिळून जेमतेम १० सेकंदांची जागा, तीही १२ बिटची, म्हणजे आजच्या मानानं भरड आवाजाची. मग लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ च्या वेगानं फिरवून सँपल करायचे आणि मशीनमध्ये तिला पुन्हा खाली उतरवायचे. जागा वाचायची, पण आवाजाला खरखर यायची. पुढे तीच खरखर लोकांना हवीहवीशी झाली. एकाच दशकात, एकमेकांशी काही संबंध नसलेली ही दोन माणसं, जपानमधला गेमचा संगीतकार आणि न्यूयॉर्कचा प्रोड्यूसर, जागेच्या टंचाईतून लूपपाशी, म्हणजे फिरून फिरून वाजणाऱ्या छोट्या तुकड्यापाशी, येऊन पोचली. माझे अल्बम या नात्यावर उभे आहेत.

हे प्रत्यक्षात कसं होतं, ते एका किकवरून, म्हणजे ड्रमच्या 'धप्' ठोक्यावरून, सांगतो. फॅमिकॉमच्या ट्रँगल चॅनलला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही. तो वाजतो, नाहीतर गप्प बसतो. दमदार किक हवी तर ट्रँगलचा सूर वरून झपकन खाली पाडायचा, त्याच क्षणी नॉइजची एक टिचकी द्यायची. हे सगळं चार फ्रेममध्ये (टीव्हीवरच्या चार चित्रांच्या वेळात), म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात उरकतं. पण बेस, म्हणजे गाण्याचा खालचा जाड सूर, तोही त्याच ट्रँगलवर आहे. किक पडली की बेसला जागा सोडावीच लागते. आजच्या स्टुडिओत किक ऐकू यावी म्हणून बेस मुद्दाम दाबतात, त्यासाठी साइडचेन लावतात. इथे फॅमिकॉमची आवाजाची चिपच ते काम करते. आणि याचा परिणाम चालीवर होतो. पहिल्या मात्रेवर किक असेल तर बेसचा सूर तिथे ठेवताच येत नाही, तो किकच्या मागून, किंचित उशिरा येतो. त्या उशिरातच मान डोलते. हा झोल मी ठरवून आणलेला नाही, तो पाच चॅनलनी आणून दिलाय, आणि मी त्याला अजून कंटाळलेलो नाही.

म्हणून प्रत्येक बीट मी आधी फेमीट्रॅकर या फॅमिकॉमचं संगीत बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच चॅनलवर बांधतो. तीन सुरांचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) हवा असेल तर एकाच पल्सवर तीन सूर इतक्या वेगानं आळीपाळीनं वाजवायचे की कानाला ते एकत्र वाटतात. मग तो तुकडा रेकॉर्ड करून एमपीसी या सँपलरवर घेतो, वेग उतरवतो, कापतो, उलटसुलट लावतो. थोडक्यात, सँपलही माझंच.

वेग उतरवण्यामागे आपल्याकडचं एक कारण आहे, आणि ते सांगताना मला दरवेळी आनंद होतो. आपण पोरंपोरी ज्यावर खेळलो ते बहुतेक फॅमिकॉमची नक्कल केलेले व्हिडिओ गेम होते, 'इतके इन वन' लिहिलेल्या पिवळ्या कॅसेटवाले. जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचे, आपले पाल पद्धतीचे टीव्ही ५० वेळा. त्या गेममध्ये संगीतसुद्धा साधारणपणे चित्राच्या घड्याळावरच पुढे सरकतं. ६० साठी लिहिलेली चाल ५० वर चालली की ती सहाव्या हिश्शानं संथ होते. १५० बीपीएमची (मिनिटाला १५० ठोक्यांची) चाल १२५ वर येते. ओसाकातल्या पोरानं धावत ऐकलेली चाल सोलापूर-सांगलीच्या पोरानं जरा रमतगमत ऐकली. मूळ वेगातली चाल पहिल्यांदा इंटरनेटवर ऐकली तेव्हा मला ती घाईत वाटली होती. आपला कान आधीच हिप-हॉपच्या दिशेनं थोडा सरकलेला होता, असं मी मानतो.

यात सगळ्यात जास्त वेळ खातो तो आवाज, माणसाचा आवाज. पल्सची १२.५ टक्क्यांची लहर (प्रत्येक फेरीत तेवढाच वेळ वर राहणारी) बारीक, नाकातली असते आणि ती नेमकी आपल्या व्यंजनांच्या अंगावर येते. मराठी रॅपमध्ये च, ट, ठ स्पष्ट ऐकू आले नाहीत तर ओळ मेली. त्यामुळे कडव्यामागे मी ५० टक्क्यांची पोकळ, गोल लहर ठेवतो आणि टोकदार लहर हुकसाठी, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीसाठी, राखतो. नॉइजवरची हाय-हॅट (झांजेसारखा बारीक 'त्स') स आणि श ला खाते, म्हणून सकारांनी भरलेल्या ओळीत हॅट काढून टाकतो. ऐकणाऱ्याला हे कळत नाही, कळायची गरजही नाही. शब्द कळले की झालं.

मूळ चाल घेऊन काम करणाऱ्यांबद्दल मला अढी नाही. फिलाडेल्फियात शाळेत शिकवणाऱ्या रहीम जार्बोनं, म्हणजे मेगा रॅननं, २००७ मध्ये मेगा मॅनच्या संगीतावर अल्बम काढला आणि तो गेम काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीनं त्याला रीतसर परवानगी दिली. त्या वाटेनं जाणाऱ्याला मी एवढंच सांगेन की हक्क दोन असतात, एक रचनेचा आणि एक ध्वनिमुद्रणाचा. चाल स्वतः नव्यानं वाजवलीत तर दुसरा प्रश्न सुटतो, पहिला तसाच राहतो. मला मात्र नुसती ओळखीची धून ऐकवून टाळ्या घेण्यात रस नाही. ती टाळी ऐकणाऱ्याच्या बालपणाला असते, गाण्याला नसते.

नव्यानं बीट करायला लागलेली मुलं पुढचा प्रश्न विचारतात: सुरुवात कुठून करू? फेमीट्रॅकर फुकट मिळतं. दोन्ही पल्स बंद ठेवा. फक्त ट्रँगल आणि नॉइजवर चार बारचा लूप करा, किक, स्नेअर, हॅट आणि बेस त्यातच बसवा. तो फोनवर घ्या आणि बसमध्ये, चालताना, भांडी घासताना ऐकत राहा. आठवडाभरानंतरही तो बंद करावासा वाटला नाही, तर मग पहिला पल्स चालू करा.