लोगो आला, पासवर्डची चौकट आलीच नाही

वहिनींच्या ऑफिसातला पीसी सुरू केला की डेबियनचा, म्हणजे त्यावरच्या लिनक्स प्रणालीचा, लोगो यायचा, क्षणभर थांबायचा आणि स्क्रीन काळी व्हायची. पंखा चालू, मॉनिटरचा दिवा चालू, पण समोर काहीच नाही. एरवी त्या लोगोखाली एक चौकट येते, तिच्यात डिस्कचा पासवर्ड टाकायचा आणि मग डेस्कटॉप. ती चौकटच गायब झाली होती.

वहिनी वकील आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सीपीआर रुग्णालयासमोरच्या त्या परिसराचं रूपच पालटलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची कामं इथं येतात. वहिनींनी टाऊन हॉलच्या बाजूला एक खोली भाड्यानं घेतली. तिथला पीसी मीच लावून दिलेला, डेबियन १२ टाकून. पक्षकारांची कागदपत्रं, आधार, सातबारे सगळं त्यातच, म्हणून पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली. उद्या कुणी पीसी उचलून नेला तरी पासवर्डशिवाय त्याच्या हाती काही लागू नये, एवढाच हेतू.

"भावजी, उद्या सकाळी दाखल करायचं आहे आणि सगळा मजकूर ह्याच्यातच अडकलाय," वहिनींचा फोन. मी पोचेपर्यंत त्यांनी राजारामपुरीतल्या एका दुकानात विचारून ठेवलं होतं. तिथून उत्तर आलं होतं, "एसएसडी, म्हणजे डिस्क, गेली असणार. आणून द्या, फॉरमॅट मारून देतो."

फॉरमॅट मारणं हा आपल्याकडं तापावरच्या गोळीसारखा सरसकट उपाय झालाय. साध्या डिस्कचं फॉरमॅट केलं तर रिकव्हरीवाला थोडंफार तरी परत काढून देऊ शकतो. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कचं तसं नाही. लिनक्सवरच्या लक्स या एन्क्रिप्शन पद्धतीत डेटाची खरी किल्ली त्या पार्टिशनच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये कुलूपबंद असते, आणि आपला पासवर्ड फक्त ते कुलूप उघडतो. लक्स२ मध्ये हे हेडर साधारण १६ एमबीचं असतं. तेवढा भाग पुसला गेला तर पासवर्ड तोंडपाठ असूनही उपयोग शून्य. म्हणून वहिनींना पहिली गोष्ट सांगितली ती ही, की पीसी या खोलीबाहेर न्यायचा नाही.

काळी स्क्रीन म्हणजे मशीन मेलं असं नव्हे, हे लिनक्स वापरणाऱ्यानं डोक्यात पक्कं ठेवलेलं बरं. सुरुवातीला दिसणारा लोगो दाखवायचं काम प्लायमाउथ नावाचा एक वेगळा प्रोग्रॅम करतो. रेड हॅटमध्ये रे स्ट्रोड यांनी तो लिहिला, २००८ च्या फेडोरा १० मध्ये तो पहिल्यांदा आला आणि २०१० मध्ये उबुंटूनं १०.०४ पासून तो घेतला. त्याच्यामागं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आपलं काम करत असतो. तेव्हा आधी लोगो बाजूला करून मागं काय चाललंय ते बघायचं.

पीसी पुन्हा सुरू केला. प्रणाली सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमचा मेनू पाच सेकंद दिसतो, तेवढ्यात 'ई' दाबलं. समोर बूटच्या, म्हणजे पीसी सुरू होण्याच्या, सूचनांच्या ओळी उघडल्या. 'लिनक्स' या शब्दानं सुरू होणारी ओळ शोधून तिच्या शेवटचे 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द पुसले आणि एफ१० दाबलं. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, फाइलीत कायमचा काही लिहिला जात नाही, त्यामुळं बिनधास्त करून बघावा. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर गेल्या आणि शेवटी एक ओळ थांबली: प्लीज अनलॉक डिस्क, पुढं डिस्कचं नाव आणि कर्सर. वहिनींनी पासवर्ड टाकला. डेस्कटॉप आला. सगळ्या फाइली जागच्या जागी.

त्या वेळी समोर बसलेले कागलकडचे एक पक्षकार त्या सरकत्या ओळी बघून खुर्चीतच पुढं झाले. "मॅडम, हॅक झालं काय हो हे?" वहिनींना हसू आवरेना.

दाखल करायचं काम त्या रात्री निघालं. पुसलेले दोन शब्द कायमचे पुसून टाकून मी मोकळा झालो असतो तर कुणी काही म्हटलं नसतं. पण पासवर्ड विचारायच्या जागीच एखादी गोष्ट कोसळत असेल तर तिचं कारण कळायला हवं, निदान मला तरी झोप लागत नाही. पुढच्या सुट्टीला जेवण करून निवांत बसलो.

पहिला शोध नोंदींचा. प्रणालीच्या नोंदी (जर्नल) दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल या कमांडला सगळ्या बूटची यादी मागितली. त्यात लोगोविना सुरू झालेलं बूट होतं, त्याच्या आधीची चांगली बूटंही होती, पण काळ्या स्क्रीनच्या एकाही बूटची नोंद नव्हती. आधी वाटलं लॉगच बिघडलाय. मग लक्षात आलं की नोंद नसणं हीच इथली नोंद आहे. जर्नल डिस्कवर लिहिलं जातं आणि ती डिस्क त्या बूटला उघडलीच नव्हती, मग लिहिणार कुठं? म्हणजे जे काही पडलं ते डिस्क उघडायच्या आधी, इनिट्रॅमएफएसमध्ये पडलं. कर्नलबरोबर मेमरीत उतरणारी ही एक छोटी, तात्पुरती फाइलसिस्टिम असते. खरी डिस्क उघडण्यापुरतं सामान तिच्यात बांधून दिलेलं असतं: डिस्कचे ड्रायव्हर, एन्क्रिप्ट केलेली डिस्क उघडणारं क्रिप्टसेटअप, प्लायमाउथ आणि त्याची थीम. थोडक्यात, कर्नलची शिदोरीच. त्या टप्प्यावर बाहेरचं काहीही हाताशी नसतं.

मग ग्रबच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडला. लोगो आला, चौकट आली, पासवर्ड घेतला, सगळं झकास. नवा कर्नल घेतला की पुन्हा काळं. इथं कुणीही म्हणेल की नवा कर्नलच खराब. दोन्ही ६.१ मालिकेतले, मधला फरक सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा. माझाही संशय काही वेळ तिकडंच होता, पण प्रत्येक कर्नलला स्वतःचं वेगळं इनिट्रॅमएफएस असतं, त्यामुळं दोषी कर्नल की त्याची शिदोरी हे एवढ्यावरून ठरत नाही.

अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो: ही शिदोरी नव्यानं बांधणारी अपडेट-इनिट्रॅमएफएस कमांड चालवा, सगळ्या कर्नलसाठी एकदम. तो मी मुद्दाम टाळला. शिदोरीतच खोट असेल तर 'ऑल' म्हटल्यावर चालणाऱ्या जुन्या कर्नलची शिदोरीही नव्यानं बांधली जाणार, आणि तुलनेला ठेवलेला एकमेव चांगला नमुना हातचा जाणार. फक्त नव्या कर्नलपुरतं ते चालवलं. फरक पडला नाही.

आता दोन्ही समोरासमोर. एलएस-इनिट्रॅमएफएस ही कमांड आतल्या फाइलींची यादी देते. दोन्हींच्या याद्या दोन फाइलींत काढल्या, कर्नलचा आकडा दोन्हीकडून काढून टाकला, नाहीतर प्रत्येक ओळच वेगळी दिसते, आणि दोन फाइलींतला फरक दाखवणारं डिफ चालवलं. हजारोंच्या यादीतून मोजक्या ओळी उरल्या. ड्रायव्हरचं किरकोळ इकडंतिकडं सोडलं तर नजरेत भरलं ते एकच: जुन्या यादीत फॉन्टच्या फोल्डरखाली डेजावू सॅन्स या फॉन्टची टीटीएफ फाइल होती. नव्या यादीत ते फोल्डर रिकामं.

फॉन्टचा आणि बूटचा काय संबंध, असं वहिनींनी विचारलं. लोगो हे चित्र आहे, त्याला फॉन्ट लागत नाही, म्हणून तो व्यवस्थित दिसतो. पासवर्ड विचारताना मात्र 'अमुक डिस्क उघडा' अशी अक्षरं काढावी लागतात. ते काम प्लायमाउथचं लेबल नावाचं प्लगइन अक्षरं मांडणाऱ्या पॅंगो लायब्ररीच्या मदतीनं करतं, आणि पॅंगोला फॉन्टची फाइल हवीच.

"म्हणजे आमच्या कोर्टातल्या शिपायासारखं," वहिनी म्हणाल्या. "तो पुकारा करायला उठला आणि दारातच चक्कर येऊन पडला. आत साहेब वाट बघतायत, बाहेर पक्षकार वाट बघतायत."

मला याच्याहून चांगलं सांगता आलं नसतं.

तरी खात्री हवी होती. अनएमके-इनिट्रॅमएफएसनं नव्या कर्नलची शिदोरी एका फोल्डरमध्ये सोडवली, डेव्ह, प्रॉक आणि सिस ही फोल्डरं तिला जोडली आणि सीएचरूट करून, म्हणजे तेच फोल्डर मूळ डिस्क असल्यासारखं मानून, तिच्या आत शिरलो. तिथून प्लायमाउथडी, म्हणजे प्लायमाउथचा मुख्य प्रोग्रॅम, चालवला. लोगो दाखव म्हटलं, दाखवला. पासवर्ड विचार म्हटलं, गारद. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेजमध्ये ओळ आलेली: प्लायमाउथडी, सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅम कोसळला. मग डेजावूची फाइल हातानं त्या फोल्डरमध्ये टाकून तेच पुन्हा केलं. चौकट आली, खाली अक्षरंही आली. पीसी पुन्हा पुन्हा बंद-चालू न करता हे बघता येतं, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

राहिला प्रश्न फॉन्ट गेला कुठं याचा. डेबियनमधल्या पॅकेजचा हिशेब ठेवणाऱ्या डीपीकेजीला त्या फॉन्टच्या पॅकेजची पडताळणी करायला लावली तर एकेका फाइलीपुढं 'मिसिंग'. पॅकेज सिस्टिमच्या हिशेबी जागेवर, फाइली मात्र डिस्कवरून नाहीशा. कुणीतरी हातानं हलवल्याशिवाय असं होत नाही. ऑफिसात संगणकाला हात लावणारे दोघंच, वहिनी आणि त्यांचा ज्युनिअर.

"दादा, लिब्रेऑफिसमधी फॉन्टची लिस्ट लय लांब होती," पोरगं म्हणालं. "मराठीचा सापडायलाच वेळ जायचा. नको ते बाहेर काढून एका फोल्डरात ठेवले. डिलिट न्हाई केलेलं काय."

खरंच नव्हतं केलं. होम फोल्डरमध्ये 'जुने फॉन्ट' नावानं सगळे नीट ठेवलेले. बरं, हे त्यानं केलं तेव्हा काहीच बिघडलं नाही, कारण आधी बांधलेल्या शिदोरीत फॉन्टची प्रत होतीच. पुढं कधीतरी नव्या कर्नलचं अपडेट आलं, त्याच्यासाठी नवी शिदोरी बांधली गेली आणि ती बांधताना फॉन्ट जागेवर नव्हता. डेबियन नेहमीच्या अपडेटला फक्त सगळ्यात नव्या कर्नलची शिदोरी नव्यानं बांधतो, जुन्याला हात लावत नाही. म्हणून जुना चालत राहिला आणि बिल फाटलं ते नव्या कर्नलच्या नावानं. पोराला रागवायचं कारण नव्हतं, वर्ड प्रोसेसरमधला फॉन्ट बूटच्या वेळी लागतो हे कुणाच्या ध्यानीमनी असणार? रूटचा पासवर्ड त्याला कुणी दिला, हा प्रश्न मी वहिनींकडं बघून विचारला आणि त्यांनी चहा सांगितला.

दुरुस्ती दोन मिनिटांची. डेजावूचं पॅकेज एपीटी या इन्स्टॉल करायच्या कमांडनं 'रीइन्स्टॉल' म्हणून पुन्हा बसवलं, फक्त नव्या कर्नलचं इनिट्रॅमएफएस बांधलं आणि रीबूट करायच्या आधी यादीत टीटीएफ आलंय का ते बघितलं. आलं होतं. पीसी बंद करून चालू केला. लोगो, चौकट, पासवर्ड, डेस्कटॉप.

स्प्लॅश ठेवायचं की काढायचं यावर थोडी चर्चा झाली. माझं मत काढावं असं होतं, कारण ओळी दिसत असल्या की काय अडलंय ते कळतं. वहिनींना पक्षकारासमोर तो अक्षरांचा पाऊस नको. त्यांचं ऑफिस, त्यांचं ऐकलं. शिवाय ग्रबमधल्या 'रिकव्हरी मोड'ला डेबियन ते दोन शब्द लावतच नाही, त्यामुळं पुन्हा कधी असं झालं तर तिथून पासवर्डची साधी ओळ मिळते. ते कसं निवडायचं हे ज्युनिअरकडून कागदावर लिहून घेऊन मॉनिटरच्या मागं चिकटवलं. क्रिप्टसेटअपच्या 'लक्स-हेडर-बॅकअप'नं हेडरची प्रत काढली, ती पेनड्राइव्हवर घेऊन लोखंडी कपाटात गेली.

फॉन्टची लांबलचक यादी ही पोराची तक्रार खरीच होती. त्याला लिब्रेऑफिसमध्ये अर्जाचं एक टेम्प्लेट करून दिलं, मराठी फॉन्ट, अक्षराचा आकार, समास सगळं आधीच ठरवलेलं. आता तो ती यादी उघडतच नाही.