न विचारता कापलेला पंख

होडीतून उतरल्यापासून एकच गोष्ट मनातून जात नाही: मासे दाखवायला होडी नेणाऱ्या गाइडने विचारले नाही. माझ्या फ्लायचा, म्हणजे मासा फसावा म्हणून गळावर दोरा आणि केस बांधून केलेल्या आमिषाचा, पंख कापला त्याचे फारसे वाटत नाही, असे मी नीलिमाला फोनवर सांगितले आणि सांगताना ते मला खरेही वाटत होते. पण रात्री टेबलाला व्हाइस, म्हणजे गळ घट्ट धरणारा लहान शिकंजा, बसवला, त्यात गळ पक्का केला आणि दोऱ्याचे पहिले वेढे घालायला घेतले, तेव्हा ध्यानात आले की मी मनातल्या मनात त्याच्याशी वाद घालते आहे.

प्रसंग अगदी लहान आहे. फ्लोरिडातल्या बिस्केन उपसागरात, एलियट की या बेटाच्या आतल्या बाजूला ओहोटी लागली होती आणि पाणी जेमतेम पोटरीएवढे राहिले होते. मी पेटीतून माझी क्रेझी चार्ली ही फ्लाय काढली आणि लीडरच्या, म्हणजे दोरीपुढच्या बारीक दोऱ्याच्या, टोकाला बांधली. तो मागच्या उंच फळीवर उभा राहून काठीने होडी रेटीत होता. तो खाली उतरला, फ्लाय दोन बोटांत धरून उजेडाकडे केली, गळ्यात अडकवलेली लहान कातरी घेतली आणि पंखाचे टोक करंगळीच्या पेराएवढे कापून टाकले. एक शब्द बोलला नाही. फ्लाय माझ्या हातात परत दिली, वर चढला आणि काठी उचलली. कापलेले केस क्षणभर पाण्यावर तरंगले आणि उतरत्या पाण्याबरोबर निघून गेले.

ज्याने कधी फ्लाय बांधलेली नाही त्याला हे चिमूटभर केस वाटतील, आणि त्यात त्याची काही चूक नाही. पण त्या चिमटीपर्यंत पोहोचायला मला सगळी संध्याकाळ लागली होती. सहा नंबरचा, खाऱ्या पाण्यात गंज न धरणारा गळ. नेढ्याच्या थोडे मागे दोऱ्याचा पाया घालून त्यावर मण्यांच्या साखळीतून कापलेले जोडमणी बसवायचे. ते गळाच्या दांड्याच्या पाठीवर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घालून. हे मणी म्हणजे फ्लायचे डोळे, आणि ते पाठीवर असल्यामुळे पाण्यात फ्लाय उलटी होते, गळाचे टोक वर राहते आणि तळाच्या समुद्री गवतात अडकत नाही. डोळे शिशाचे घेता येतात, ते लवकर बुडतात. पण इतक्या उथळ पाण्यात शिसे पडल्याचा आवाज झाला की बोनफिश, म्हणजे ज्याच्यासाठी ही फ्लाय असते तो मासा, उपसागराच्या दुसऱ्या टोकाला गेलाच म्हणून समजावे. म्हणून मी हलके, पोकळ मणी घेतले. मग चंदेरी पट्टी गळाच्या वाकापर्यंत नेऊन परत आणायची आणि तिच्यावर पारदर्शक दोरीचे वेढे एकाला एक चिकटवून घ्यायचे, म्हणजे आतली चमक कोळंबीच्या अंगासारखी धूसर दिसते. इथे ताण नेमका लागतो. सैल राहिला तर डोळे फिरतात, जास्त झाला तर दोरा तुटतो. आजी अबोलीची वेणी बांधताना दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळायची, तेव्हाचा तिच्या दोऱ्याचा ताण माझ्या बोटांना अजून आठवतो, आणि खरे सांगायचे तर मी तोच वापरते.

शेवटी पंख. व्हाइसमध्ये गळ उलटा करायचा आणि टोकाच्या बाजूने केस बांधायचे, म्हणजे टोक त्यांच्या आड जाते. मी वाळूच्या रंगाचे कृत्रिम केस घेतले होते, मुळाशी विंचरून त्यातली लव काढून टाकली होती, आणि त्यात चमकीच्या अगदी मोजक्या तारा ठेवल्या होत्या. लांबी वाकाच्या बरीच पुढे जाईल इतकी. हे मुद्दाम केले होते. दोरी ओढताना केस अंगाला चिकटतात आणि ओढणे थांबवले की पसरतात. लांब केस जरा उशिरा पसरतात आणि मला तो उशीर हवा होता, कारण पळता पळता थबकलेली कोळंबी तशीच दिसते. त्याने कापली ती लांबी म्हणजे तो उशीर होता. ती फ्लाय देखणी दिसावी म्हणून लांब ठेवलेली नव्हती.

त्याने विचारले असते तर मी हे सांगितले असते. कदाचित त्याने ऐकून घेऊन मग कापले असते, आणि ते मला चालले असते. नंदन बरोबर असता, फ्लाय नंदनने बांधलेली असती, तर गाइडने कातरी इतक्या सहज काढली असती का, हा विचारही येऊन गेला. तो मी पुढे नेत नाही.

आणि त्यानंतर मासा लागला. हे लिहिताना आनंद वाटायला हवा. वरून गाइडचा आवाज आला, अकरा वाजता, पन्नास फूट, म्हणजे होडीचे नाक घड्याळातले बारा धरले तर अकराच्या दिशेला. आधी मला काहीच दिसले नाही, मग वाळूवर सरकणारी सावली दिसली, कारण आरशासारख्या खवल्यांमुळे बोनफिश स्वतः दिसत नाही, त्याची सावली दिसते. दोन होते. फ्लाय त्यांच्या वाटेवर पडली, मी दोनदा दोरी हलकेच ओढली आणि थांबले. पुढचा मासा खाली झुकला. त्याचे तोंड नाकाडाच्या खाली असते, त्यामुळे तळावरचे काही खायचे तर त्याला डोके खाली करावे लागते, आणि पाणी इतके कमी होते की शेपटी वर आली, चकाकली. दोरी पुन्हा ओढली तेव्हा ती जड लागली. पहिल्या धावेतच जाड दोरी संपून मागची बारीक दोरी रिळावरून सुटू लागली आणि रिळाचा आवाज ऐकताना मी सगळे विसरले होते, हेही खरे आहे. मासा पाण्यातच ठेवून, ओल्या हातांनी गळ सोडवला आणि तो गेला. फ्लोरिडात 2013 पासून बोनफिश ठेवून घेता येत नाही, सोडावाच लागतो. आईला हे अजून नीट सांगितलेले नाही.

गाइड हसून म्हणाला, छान मासा. मीही हसले. पण परतीच्या वाटेवर लांब क्षितिजावर मायामीच्या इमारती दिसू लागेपर्यंत माझ्या मनात एकच प्रश्न होता: लांब पंखावर मासा आला असता का? हे आता मला कधीच कळणार नाही. इतक्या विचाराने ठरवलेली लांबी पाण्यात उतरण्याआधीच निकालात निघाली आणि तिच्या विरुद्ध पुरावा म्हणून एक मासा उभा राहिला. माझी संध्याकाळ त्याच्या एका कातरीत गेली, असे मला वाटत राहिले. मासा माझा की त्याचा, इतक्या क्षुद्र प्रश्नापर्यंत मी पोहोचले होते.

ज्या फ्लायपायी हे सगळे चालले आहे तिची गोष्ट मी आज पुन्हा आठवून पाहिली. बॉब नॉहाइम यांनी ती 1977 मध्ये बहामाच्या अँड्रॉस बेटावर बांधली आणि तिथले गाइड चार्ली स्मिथ यांचे नाव तिला मिळाले. आधी नॅस्टी चार्ली, मग बाजारात क्रेझी चार्ली. तिथे गाइडचे नाव फ्लायला लागले, इथे गाइडची कातरी लागली, असे वाटून काल मी बराच वेळ कष्टी होते. आज तीच गोष्ट वेगळी दिसते. नॉहाइम यांच्या फ्लायचा पंख पिसांचा होता, केसांचा नव्हे. नंतर बांधणाऱ्यांनी वासराच्या शेपटीचे केस लावले, कोणी गुलाबी केली, कोणी तपकिरी, आणि मी आज जे कृत्रिम केस लावते तेही मूळ फ्लायमध्ये नव्हते. बॉब क्लाउझर यांची क्लाउझर मिनो ही दुसरी फ्लाय तर पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीतल्या गोड्या पाण्याच्या बास माशासाठी घडली आणि आज ती खाऱ्या पाण्यात सगळीकडे चालते. मीही चार्लीचा पंख बदलताना कोणाला विचारलेले नाही.

हे पटले, पण सगळे नाही. नॉहाइम यांची फ्लाय कोणी त्यांच्या हातातून घेऊन कापलेली नव्हती.

मात्र आज फ्लाय बांधता बांधता आणखी एक गोष्ट उमगली आणि तिने मन बरेच हलके झाले. पंख कापला नसता आणि मासा लागला असता, तरी तो पंखाच्या लांबीमुळे लागला हे मला कळले नसतेच. फ्लाय नीट वाटेवर पडली म्हणून, थांबणे जमले म्हणून, की त्या दोघांतला मागचा मासा आधी झडप घालील या भीतीने पुढच्याने घाई केली म्हणून. मासा कारण सांगत नाही. जे गाइडने हिरावून घेतले असे मी म्हणत होते ते माझ्याजवळ कधी नव्हतेच. आणि त्याच्या कापण्यामागे कारण असणार, हे मला कालही दिसत होते. बोनफिश मागे येतो, लांब केसांचे टोक चावतो आणि गळ तोंडात जाण्याआधी सोडून देतो, हे त्या फळीवरून त्याने माझ्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा पाहिलेले आहे. शिवाय केस कमी म्हणजे फ्लाय लवकर तळाला जाते. पाणी उतरत होते आणि मासे पाण्याबरोबर खोलाकडे सरकत होते. त्याला घाई होती. कदाचित बोलायला वेळ आहे असे त्याला वाटलेच नसेल.

आजच्या फ्लाय मी तशाच लांब पंखाच्या बांधल्या आहेत. थोड्या आखूडही बांधल्या, पण त्या वेगळ्या ओळीत लावल्या. गाठीवर लाख लावून झाली आहे, ती सकाळपर्यंत वाळेल. येत्या आठवड्यात पुन्हा त्याच्याच होडीत जायचे आहे, आणि निघण्यापूर्वी धक्क्यावरच त्याला सांगायचे मी ठरवले आहे: पंख कापायचा असेल तर किती आणि का ते सांग, कातरी मी चालवीन.