बंदी कुनाला?

फेब्रुवारीअखेर नाणेघाटात फुलं दाखवायला मी लोकांना नेते, तेव्हा निम्म्यांच्या डोक्यात कासचं पठार असतं. त्यांना पायाशी गालिचा हवा असतो. या दिवसांत सह्याद्रीत फूल झाडावर असतं आणि झाड निष्पर्ण. तरी ते शोधायचं मान खाली घालूनच. वाटेवर काटेसावरीची जाड, मांसल फुलं पडलेली दिसली की मग वर बघायचं. ती खायला भेकरं येतात, म्हणून त्यांच्या लेंड्याही दाखवते. त्यांचा फोटो कुणी काढत नाही.

वैशाखऱ्याहून उजाडताच निघालो. पळस, पांगारा, उक्षी झाली आणि धायटी लागली. माझं लाडकं झुडूप. सगळे ज्याचा फोटो काढतात ती लाल नळी म्हणजे पाकळ्या नव्हेत, तो निदलपुंज, कळीचं बाहेरचं वेष्टन. खऱ्या पाकळ्या त्याच्या काठावर इवल्याशा, भिंगाखाली धरल्या तरच कळतात. तळाशी मध. शिंजीर पक्षी चोच खुपसतो आणि बाहेर डोकावणारे पुंकेसर त्याला पराग माखतात.

हे सांगत असतानाच पलीकडून फांदी ओरबाडल्याचा आवाज आला. एक ठाकर मावशी धायटीची फुलं मुठीने ओढून पोत्यात भरत होत्या. फूल तोडायचं नाही, अशी तंबी मी सकाळी सगळ्यांना दिलेली. आमच्यातल्या एक काकू पुढे झाल्या.

"अहो, फुलं तोडायला बंदी आहे!"

"बंदी कुनाला? तुमाला का आमाला?" मावशींचा हात थांबला नाही.

मग मला बोलणं भाग होतं. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनात राहणाऱ्यांना गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलात मिळणाऱ्या वस्तू, गोळा करायचा आणि विकायचा हक्क आहे. ही फुलं वाळून आसव-अरिष्टांत, म्हणजे आंबवलेल्या आयुर्वेदिक औषधांत जातात, आंबवण्यासाठी. घरात दशमूलारिष्टाची बाटली असेल तर त्यात हीच. पायथ्याच्या पाटीवर यातलं काही नाही. 'फुले तोडू नयेत', एवढंच. पाटी लिहिणारे नेहमी शहरातून येणाऱ्यालाच डोळ्यांपुढे धरतात.

काकूही कच्च्या नव्हत्या. "मग औषधवाल्यांनी लावावी की धायटी. डोंगर का ओरबाडायचा?"

यावर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. धायटी चिवट, तोडली-जाळली तरी बुडातून फुटते. पण ओरबाडलेल्या फुलाला बी धरत नाही, हेही खरंच. आणि पोतं डोक्यावर घेताना मावशी स्वतःच म्हणाल्या, "सासूच्या वक्ताला एवढं लांब यावं लागत नव्हतं." झुडपाचे वरचे शेंडे फुलांसकट तसेच होते. हात पोचला नव्हता की मुद्दाम ठेवले होते, कोण जाणे.

वर लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखातल्या गायी, घोडे, कार्षापण नाण्यांच्या दक्षिणा सांगितल्या. मंडळी खूश झाली. सातवाहनांच्या काळापासून हा घाट व्यापाऱ्यांचाच, हे मीच सांगत होते आणि पोतं काही डोक्यातून जात नव्हतं.

आता पुढच्या हंगामाचं सूचनापत्रक लिहायला घेतलंय. 'फूल तोडू नका' या वाक्याच्या चार ओळी झाल्यात. आमचा आयोजक म्हणतो, एवढं कोण वाचतं, एका ओळीत बसव.